इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनो, अनुवाद करा
(करंजाडे येथील भाषण)



इंग्रजी घेऊन बीए-एमए करणाऱ्याला घरीदारी एकच सल्ला मिळतो: शिकवण्या घे, नाहीतर कॉल सेंटर गाठ. मी म्हणेन, अनुवाद करा. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ची, मराठीतली. कोकणातला मुसलमान मोहल्ला इंग्रजी वाचकापर्यंत पोचला तो दिलीप चित्र्यांनी तिचा 'फ्युएल' हा अनुवाद केला म्हणून. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. बोली कुठे उतरली, कुठे निसटली, हे ज्यांची आजी अजून तशी बोलते त्यांच्या कानाला आधी कळेल. हे भांडवल वर्गातल्या इतरांकडे नाही.

छापायला जागा आहे. साहित्य अकादमीचं 'इंडियन लिटरेचर' भारतीय भाषांतल्या लेखनाचे इंग्रजी अनुवाद घेतं. लेखकांना ऐकायचं तर काळा घोडा महोत्सव: पनवेलहून सीएसएमटी लोकल, पुढे चालत, तिकीट फक्त गाडीचं. मुलींनो, गट करून निघा. घरचा 'नको' निम्मा होतो. कवितासंग्रहात नाव छापायचे पैसे मागणाऱ्यांना मात्र सरळ नाही म्हणा. तिथे निवड होत नसते, वसुली होते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक पान आणायचं, मूळ आणि अनुवाद दोन्ही.