फ्रेंच येते, बोलता येत नाही



विषयाची पाटी वाचून चौकात दोघांनी आम्हांला अडवले. म्हणाले, ढोकीत फ्रेंच कशाला? उसाच्या भावावर बोला, थकलेल्या पगारावर बोला. त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण आज जे सांगायचे आहे ते फिरून उसाच्या फडातच येऊन पोचते, तेव्हा थोडा धीर धरावा. आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. आमची शाळा नववीत सुटली. त्यामुळे व्याकरणाच्या शास्त्राची अपेक्षा कोणी ठेवू नये. आमची फजिती कशी झाली एवढेच आम्ही प्रामाणिकपणे सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी मॉरिशस बेटावरील साखर कामगारांना भेटून येण्याचा योग आला. त्या बेटावर आपली माणसे आहेत. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे करारावर तेथे नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. फ्रेंचांनी ते बेट १७१५ मध्ये घेतले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. पण इंग्रज राज्य करून १९६८ साली निघून गेले तरी फ्रेंच भाषा तेथून हलली नाही. आजही वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात. आम्ही विचार केला की मराठी त्यांना पुरेशी येत नाही, इंग्रजी आम्हांला पुरेशी येत नाही, तर फ्रेंच शिकावी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एक जुने पुस्तक आणले आणि दहा महिने रोज रात्री जेवणानंतर घोकले. घरची मंडळी हसत. आम्ही क्रियापदे चालवीत राहिलो.

पोर्ट लुई शहरात उतरल्यावर पहिल्याच दुकानात परीक्षा झाली. आम्ही आत गेलो आणि पाठ केलेल्या वाक्यात साबणाची किंमत विचारली. वाक्यात काना-मात्रेची चूक नव्हती. बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बोंजूर, मस्य." म्हणजे, नमस्कार, महाशय. किंमत त्यांनी आम्ही उलट नमस्कार केल्यानंतरच सांगितली. पुढे कळले की फ्रेंच बोलणाऱ्यांत हा शब्द दाराच्या उंबऱ्यासारखा आहे. तो ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात शिरताना कोणी नमस्कार घालीत नाही. "दोन किलो साखर द्या" म्हटले तरी उद्धटपणा होत नाही. तेथे होतो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ओळखले, ही कथा या पंचक्रोशीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. त्या बाईंनी आम्हांला एका शब्दात थापटून पाहिले. मडके कच्चे निघाले.

मग आम्ही पुस्तक मिटले आणि कान उघडले. पुस्तकात नकार दोन शब्दांनी होतो, एक क्रियापदाच्या आधी आणि एक नंतर. "मला माहीत नाही" हे तेथे "ज न से पा" असे छापलेले असते. बोलताना मात्र लोक मधला "न" गिळतात आणि घाईत त्याचे "शे पा" होऊन जाते. आम्ही तो "न" ठासून उच्चारीत होतो. "ठाऊक नाही बुवा" म्हणायच्या जागी "मजला विदित नाही" असे म्हणणारा माणूस बाजारात उभा आहे, अशी कल्पना करा. तसे आम्ही दिसत असू.

आकड्यांची मात्र मौज वाटली. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. शहरात शिकलेली मुले हे ऐकून कपाळाला हात लावतात. आम्हांला काहीच अवघड गेले नाही, कारण आमची आजी शेरडे मोजताना "चार इसा" असेच म्हणे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडचे फ्रेंच बोलणारे लोक सत्तरला "सेप्तांत" असा सरळ शब्द वापरतात म्हणे. आजीला ते आवडले नसते.

आता एक शब्द असा, की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. "आम्ही" यासाठी पुस्तकात "नू" दिलेला असतो. पण फ्रान्समधला माणूस गप्पा मारताना बहुतेक वेळा "नू" म्हणत नाही. "ओं" म्हणतो, आणि पुढे क्रियापद एकवचनी लावतो. हा "ओं" मुळात "माणूस" या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. "आपण जाऊ" म्हणायचे तर ते जणू "माणूस जातो" म्हणतात. आपणही नाही का म्हणत, "माणसाने करावे तरी काय?" तेव्हा तो माणूस म्हणजे आपणच असतो. परंतु मराठीत एक सोय आहे ती फ्रेंचमध्ये नाही. आपल्याकडे "आम्ही" वेगळे आणि "आपण" वेगळे. गेटवरच्या सभेत "आम्ही लढू" म्हटले तर कामगार टाळ्या वाजवून घरी जातो. "आपण लढू" म्हटले तर तो थांबतो, कारण त्यात तोही सापडलेला असतो. (व्यासपीठावर चढलो की आमच्या तोंडून स्वतःबद्दल "आम्ही" निघते, ही जुनी खोड आहे, ती कोणी मनावर घेऊ नये.) फ्रेंचमध्ये "नू" काय आणि "ओं" काय, ऐकणारा आत आहे की बाहेर हे शब्दावरून कळत नाही. ते सूर, नजर आणि मागचापुढचा संबंध यांवरून ओळखायचे.

तीच गोष्ट "तु" आणि "व्हू" यांची. आपला "तू" आणि त्यांचा "तु" हे एकाच प्राचीन कुळातले भाऊ. त्यांचा उच्चार ओठांचा चंबू करून "इ" म्हटल्यासारखा होतो. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला "व्हू" म्हणावे हे पुस्तक सांगते. पण फ्रान्समधल्या कामगार संघटनांत सोबती एकमेकांना पहिल्या दिवसापासून "तु" म्हणतात, आणि तेथे "व्हू" म्हटले तर तुम्ही हातभर दूर बसलात असे होते.

हे दूर बसणे काय असते, ते आम्हांला उसाच्या मळ्यावर कळले. संध्याकाळी आठ-दहा जुने मजूर जमले होते. आम्ही उभे राहिलो आणि तयार केलेले वाक्य म्हटले, "आपल्या कामाच्या परिस्थितीचे वर्णन आपण कृपया कराल काय?" शुद्ध फ्रेंच. बसलेली माणसे सावरून बसली. एकाने टोपी काढली. सर्वांत वृद्ध होते ते म्हणाले, "तू व्हा ब्यँ, मस्य." सगळे ठीक आहे, साहेब. दुसऱ्यानेही तेच सांगितले आणि तिसऱ्यानेही. सगळे ठीक असणारा साखर कामगार आम्ही तीस वर्षांत पाहिलेला नाही. बाहेर आल्यावर तेथील युनियनच्या एका ताईंनी आम्हांला स्पष्ट सांगितले, "दादा, तुम्ही मालकाच्या भाषेत बोललात." मळे फ्रेंच वंशाच्या मालकांचे, आणि असली फ्रेंच त्यांच्या कचेरीतली. मजुरांच्या घरात बोलली जाते ती क्रेओल. ती फ्रेंच शब्दांवरच उभी राहिलेली असली तरी तिची चाल स्वतंत्र आहे. "मला माहीत नाही" हे तेथे "मो पा कोने" होते.

बंधुभगिनींनो, हे आपण मराठवाड्याच्या लोकांनी तरी ओळखायला हवे होते. १८८४ साली हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. आमचे आजोबा सांगत की कचेरीत उर्दूतून प्रश्न आला की शेतकरी "जी हुजूर" म्हणे, आणि खरे काय ते परत आल्यावर पारावर मराठीत सांगे. तेव्हा त्या मळ्यावर आम्ही कारकुनाच्या खुर्चीत बसलो होतो आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. उभे राहिलो नाही, जमिनीवर बसलो. ताईंनी शिकवलेले दोनच शब्द म्हटले, "की मान्येर?" म्हणजे, कसे काय? उच्चार चुकला. लोक हसले, आणि मग बोलू लागले. कोयत्याने गेलेली बोटे, बंद पडलेली गिरणी, शहरात गेलेली मुले. युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवल्यावर काय झाले तेही. आणि २७ सप्टेंबर १९४३ची हकिकत, जेव्हा बेल व्ह्यू हारेल येथे मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अंजलाय कूपन ही गरोदर मजूर स्त्री ठार झाली. तिच्या नावाचे क्रीडांगण तेथे आहे. यातले निम्मे आम्हांला शब्दांनी कळले आणि निम्मे ताईंनी समजावले. पण आदल्या दिवशी शब्द सगळे कळले होते आणि माहिती एकही मिळाली नव्हती.

गी देल्युरी नावाचे एक फ्रेंच पाद्री होते. त्यांनी आळंदीहून पंढरीची वाट वारकऱ्यांबरोबर पायी चालून पाहिली आणि १९६० साली विठोबाच्या संप्रदायावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी त्यांनी ग्रंथांतून शिकलीच असेल. पण दिंडीत चालणाऱ्याशी बोलायचे तर चिखलात त्याच्या शेजारीच चालावे लागते. आमच्या तरुणांना आज फ्रेंच शिकायची असेल तर साधने पुष्कळ आहेत. मोबाइलवर फ्रेंच रेडिओ फुकट ऐकता येतो, पुण्यात रीतसर वर्ग आहेत. त्यांनी जरूर शिकावे. व्याकरणही सोडू नये, कारण अर्ज आणि करारनामे शुद्ध भाषेतच वाचावे लागतात. मात्र रोज अर्धा तास नुसते ऐकावे: माणसे एकमेकांना अडवतात कशी, होकार न देता हुंकार कसा देतात, निरोप घ्यायला किती वेळ लावतात.

निघण्याच्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला घरी नेले. देवघरात गणपती होता. त्यांनी एक कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. तेथील महात्मा गांधी संस्थेत करारावर आलेल्या मजुरांची दप्तरे जपून ठेवली आहेत. गावाच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "राझापीर." त्यांचे वडीलही तसेच म्हणत. असे गाव त्यांना कोणत्याही नकाशात सापडले नव्हते. आम्ही चष्मा लावला, इंग्रज कारकुनाची अक्षरे लावली आणि म्हटले, "राजापूर." त्यांनी ते तीन-चार वेळा म्हणून पाहिले. "ज" त्यांच्या जिभेवर बसत नव्हता. मग त्यांनी नातीला हाक मारली आणि आम्हांला खुणेने सांगितले, पुन्हा म्हणा, हिला ऐकू द्या.