शिळें पाणी



गुरुवारीं पाणी बंद राहणार अशी सूचना वर्तमानपत्रांत आली, कीं पुण्यांत आदल्या सायंकाळीं घरोघर एक निराळीच लगबग सुरू होते. पिंपें भरतात, बादल्या भरतात, एरवीं माळ्यावर पडून असलेली आजीच्या वेळची कळशीसुद्धां खालीं येते. गुरुवार कसाबसा पार पडतो. शुक्रवारीं सकाळीं नळ दोनदां खाकरतो, फुरफुरतो आणि वाहूं लागतो. आणि लगेच आसपासच्या न्हाणीघरांतून एक आवाज ऐकूं येतो. भरून ठेवलेलें पाणी मोरींत ओतून दिल्याचा तो आवाज असतो. कां ओतलें, असें विचारलें तर उत्तर दोन शब्दांत मिळतें : "शिळें झालें."

आज मला या शब्दाविषयीं बोलावयाचें आहे. भाकरी शिळी होते, भात शिळा होतो, बातमी तर दुपारपर्यंतच शिळी होते. पण पाणी शिळें होतें म्हणजे त्याचें नेमकें काय होतें?

शुक्रवारीं आपण जें "ताजें" पाणी भरतों त्याचें वय थोडें पाहूं. पुणें शहरांत वर्षाकाठीं सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसावर कांहीं लाखांचें शहर पोसलें जाणार नाहीं. आपलें पाणी पडतें तें पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याशीं, जेथें पाऊस याच्या कितीतरी पट असतो. तें मुठा, आंबी आणि मोसी या नद्यांच्या खोऱ्यांत टेमघर, पानशेत व वरसगांव या धरणांमागें अडतें, आणि तेथून गरजेप्रमाणें खडकवासल्यास सोडलें जातें. या चारही धरणांत मिळून २९.१५ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं खुद्द खडकवासल्यांत दोन अब्जही मावत नाहीं. हा सगळा सांठा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो, आणि पुढील आठ महिने आपण तो पुरवून खातों. म्हणजे एप्रिलमधल्या शुक्रवारीं नळास आलेलें "ताजें" पाणी बहुधा गेल्या श्रावणांतलें असतें. आठ महिने तळ्यांत निजून राहिलेलें पाणी ताजें, आणि त्याचीच एक रात्र कळशींत राहिलेली बहीण शिळी, हा न्याय मला अद्याप उमगलेला नाहीं.

हा न्याय आला कोठून, याचा विचार करतांना मला आजीची एक गोष्ट आठवते. तिच्या सासूबाईंना नळाचें पाणी देवाला चालत नसे. कारण विचाराल तर नळाच्या तोटींत त्या काळीं चामड्याची चकती असे. चामड्यास लागून आलेलें पाणी सोंवळ्यांत कसें चालावें? पिण्यास व पूजेस पाणी यावयाचें तें आडाचें, नाहीं तर हौदाचें. त्या आडांत पारव्यांची पिसें तरंगत, आणि शेजारच्या शौचकूपाचें अंतर किती आहे हें कोणी मोजीत नसे. पण आडाला चकती नव्हती! पाण्याची शुद्धता आपण पाण्यांत कधीं पाहिलीच नाहीं. तें कशाला शिवलें आणि कोण शिवलें एवढेंच पाहिलें.

हौदांचा उल्लेख आला म्हणून थोडें थांबतों, कारण पुण्याच्या पाण्याची खरी श्रीमंती एके काळीं हौदांत होती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या घाटाखालीं तलाव बांधवून तेथून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ आणविला. दगडविटांच्या या नळास वाटेंत ठिकठिकाणीं उंच उच्छ्वास ठेविलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्यांतील गाळ वाटेंतच बसे. पंप नाहीं, वीज नाहीं. केवळ उताराच्या हिशेबानें तीन कोसांच्या आंतबाहेरचें अंतर तोडून पाणी गांवांत येई, आणि पेठांपेठांतून हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी हौद हीं नांवें आजही रिक्षावाल्यास सांगितलीं तर तो बिनचूक नेऊन सोडतो. मात्र उतरल्यावर हौद शोधूं नये.

या हौदांतलें पाणी कात्रजचेंच, पण तें सर्वांचें नव्हतें. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई त्यांना काठाशीं उभें राहून कोणी वरून ओंजळींत पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. १८६८ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, ही गोष्ट आपण शाळेंत एका ओळींत वाचतों आणि पुढें जातों. घरचा हौद खुला करणें म्हणजे काय, हें ज्यानें सोंवळ्याचें घर पाहिलें आहे त्यालाच कळेल. पुढें त्यांचेच सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपली लहानगी मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ बांधलेला हौद, ज्यास लोक "बाहुलीचा हौद" म्हणत, तोही असाच सर्वांसाठीं होता. आणि १९२७ च्या मार्चमध्यें महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी घेतलें, तेव्हां त्या तळ्यांत पंचगव्याचे घडे ओतून व मंत्र म्हणून तें "शुद्ध" करून घेणारे लोक निघालेच. ज्या तळ्यावर गुरें पाणी पीत होतीं त्याची ही शुद्धि! "शिळें" हा शब्द कितीही निरुपद्रवी वाटला तरी तो त्याच कुळांतला आहे अशी मला शंका येते. पाण्यांत काय आहे हें न पाहतां, आपल्या मनांत काय आहे त्यावरून पाण्याची जात ठरवावयाची, ही खोड तीच.

हा शब्द आमच्या घरांतून एकदां मात्र समूळ नाहींसा झाला होता, आणि तो काळ मला नीट आठवतो. १२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांचा होतों. आंबी नदीवरील पानशेतचें धरण तेव्हां पुरतें बांधून झालें नव्हतें, आणि पहिल्याच पावसाळ्यांत तें तुडुंब भरलें. खचूं लागलेल्या बांधावर लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, आणि म्हणूनच धरण फुटलें तें रात्रीं न फुटतां सकाळीं फुटलें. केवढे प्राण त्या पोत्यांनीं वांचविले असतील, याचा हिशेब कोणी करूं शकणार नाहीं. आंबीचा तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला, आणि १८७९ सालापासून पुण्यास पाणी देत आलेलें तें दगडी धरणही दुपारीं फुटलें. नदीकांठच्या पेठांची त्या दिवशीं जी दैना झाली ती पुष्कळांनीं लिहिली आहे, आणि ज्यांनीं सोसली त्यांच्यापुढें मीं ती सांगणें बरें नव्हे. आमचा वाडा नदीपासून दूर, सदाशिव पेठेंत होता. तो कोरडा राहिला. मला आठवतें तें दुसऱ्या दिवसाचें.

दुसऱ्या दिवशीं नळ कोरडे होते. सगळें शहर पाण्यानें बुडालें आणि प्यावयास पाणी नाहीं! ज्या धरणांतून पाणी यावयाचें तें धरणच उरलें नव्हतें. वाड्याच्या मागच्या चौकांतल्या आडावर वर्षानुवर्षें फळ्या टाकलेल्या होत्या. त्या काढल्या. रहाटाचा दोर कुजलेला निघाला, म्हणून कोणीसा वाळत घालण्याचा दोर आणून पोहऱ्यास बांधला. वाड्यांत अकरा बिऱ्हाडें. एरवीं नळकोंडाळ्यावर हंड्याला हंडा लागला तरी भांडणारीं माणसें त्या दिवसांत रांगेनें उभीं होतीं, आणि दोन गल्ल्या पलीकडल्या, घरेंदारें वाहून गेलेल्या अनोळखी लोकांना त्याच आडाचें पाणी देत होतीं. कोणाच्या हातचा पोहरा वर आला हें आजीनेंही विचारलें नाहीं. सक्त ताकीद होती तीं उकळून पिण्याची. आई मोठ्या पातेल्यांत पाणी उकळी, पंचानें गाळी आणि पितळी कळशींत झांकून ठेवी. ती कळशी आम्हां सातजणांस दीड दिवस पुरवावयाची असे. भांडीं विसळलेलें पाणी बादलींत धरून तेंच न्हाणींत घालीत. शिळें पाणी म्हणून कोणी एक भांडेंही ओतल्याचें मला स्मरत नाहीं.

नळ पुन्हां सुरू झाले. कांहीं वर्षांनीं आडावर पुन्हां फळ्या पडल्या. मग वाडा पडला, आणि त्या जागेवरील सात मजली इमारतींत तो आड कोठें गेला हें आतां मलाही दाखवितां येणार नाहीं.

आतां पाणी खरोखर बिघडतें कधीं, हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर मीं कोणत्याही पाण्याची वकिली करतों आहें असें व्हावयाचें. जलशुद्धीकरण केंद्रांतून निघतांना पाण्यांत थोडें क्लोरीन मुद्दाम राखलेलें असतें, तें वाटेंतल्या व घरांतल्या जंतूंशीं झुंजावें म्हणून. हें क्लोरीन हळूहळू उडून जातें. स्वच्छ घांसलेल्या, झांकलेल्या भांड्यांत एक दिवस ठेवलेल्या पाण्यास त्यामुळें कांहीं होत नाहीं. होतें तें उघड्या पिंपानें, बुडाशीं शेवाळ धरलेल्या टाकीनें, आणि सर्वांत अधिक, आंत बुडविलेल्या हातानें. दांड्याचें ओगराळें घेतलें तर कळशी टिकते. पेला धरून बोटें बुडविलीं तर ताजें भरलेलें पाणीही तासाभरांत बिघडूं शकतें. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी या गांवांकडून गिलेन बारी नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकामागून एक येऊं लागले. संशयित रुग्णांची संख्या पुढें दोनशेंच्या वर गेली. कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावें लागलें, कांहीं दगावले. कित्येक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जातीचे जंतु सांपडले, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हीं गांवें खडकवासल्याच्या भिंतीपासून हांकेच्या अंतरावर आहेत. तें पाणी दिसावयास स्वच्छ होतें, वाहतें होतें, रोजचें होतें. शिळें तर मुळींच नव्हतें.

आणि आपण ओततों तें जातें कोठें? मोरींतून गटारांत, आणि तेथून, शुद्ध होऊन किंवा न होऊन, मुळामुठेंत. मुळामुठा भीमेस मिळते. भीमा उजनीच्या जलाशयांत शिरते. उजनीचें पाणी सोलापूरचें शहर पितें. आणि पुढें तीच भीमा पंढरपुरास वळण घेऊन चंद्रभागा होते. आषाढींत आपल्यांतलेच वारकरी तेथें मोठ्या भक्तीनें डोकें बुडवितात. इकडे खडकवासल्याहून निघालेला कालवा दौंड-इंदापुराकडे जातो. तेथील शेतकरी दर उन्हाळ्यांत पुण्याच्या नळाकडे बोट दाखवितो, आणि पुणेंकर त्याच्या उंसाकडे. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु उंसावर बोलण्याचा आपला अधिकार शुक्रवारच्या त्या आवाजानें बराच उणा होतो, असें मला वाटतें. एक लाख घरांनीं वीस-वीस लिटर पाणी मोरींत ओतलें, तर तें वीस लाख लिटर झालें. म्हणजे दहा हजार लिटरांचे दोनशें टँकर.

टँकरांची गोष्ट आमच्या घरींच घडली. आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई शहरांत अलीकडे सामील झालेल्या एका गांवांत राहतात. गांव महापालिकेंत आलें, नळ अजून यावयाचा आहे. एका शुक्रवारीं माझी पत्नी नेहमींप्रमाणें पिंप कलता करीत होती. बाई झाडू टाकून पुढें आल्या. "काकू, ओतूं नका हो. मला न्यायला होईल. आमचा टँकर परवांपासून आला नाहीं."

पत्नी ओशाळली. दिलें तर पाणी द्यावयाचें, आणि तेंही शिळें? ती म्हणाली, "थांबा, तुम्हांला नळाचें ताजें भरून देतें." त्यावर बाई म्हणाल्या, "ताजें कशाला? धार बारीक आहे, भरेपर्यंत अर्धा तास जाईल माझा. आणखी दोन घरचीं कामें राहिलीं आहेत. हें भरलेलेंच बरें आहे." त्यांचा मुलगा दोन डबे घेऊन दुचाकीवर आला. बाईंनीं ओगराळ्यानें सगळें पाणी काढून घेतलें, तळाशीं राहिलेलें तांब्याभर तुळशीस घातलें, आणि पिंप पालथें घालून ठेवलें.

तेव्हांपासून आमच्या घरांत शुक्रवारीं तो आवाज होत नाहीं. वरच्या मजल्यावरून अजून येतो.