शेवटचा नकाशा



साहित्याच्या बाईने खाणीविषयी काय बोलावे, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर दिसतो आहे. माझा प्रबंध हस्तलिखितांच्या पाठभेदांवर होता. जुना कागद कितपत खरा मानायचा, हेच मी आयुष्यभर केले. आजची गोष्टही एका जुन्या कागदाचीच आहे.

गोव्यात खाण म्हटली की कापलेला डोंगर आणि लाल माती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली क्वीक्रीकची कोळशाची खाण मात्र सुमारे २४० फूट जमिनीखाली. २४ जुलै २००२ च्या रात्री तिथे कोळसा कापताना भिंत फुटली आणि शेजारच्या, १९६० च्या दशकात सोडून दिलेल्या खाणीचे पाणी आत घुसले. हातातल्या नकाशाप्रमाणे ती जुनी खाण अजून सुमारे तीनशे फूट लांब होती! आत सापडलेल्या नऊ जणांनी फोन करून दुसऱ्या तुकडीला बाहेर पिटाळले. स्वतः मात्र अडकले. सुमारे ७७ तासांनी, वरून भोक पाडून, एकेकाला ओढून काढले. सगळे वाचले. आपल्याकडे धनबादजवळ चासनाला इथे २७ डिसेंबर १९७५ ला असेच साचलेले पाणी घुसले, तेव्हा पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली.

क्वीक्रीकच्या नकाशात जुन्या खाणीचे अखेरचे खोदकाम नव्हतेच. शेवटचा नकाशा पुढे सापडला तो विंडबर गावच्या कोळसा-संग्रहालयात, एका दिवंगत खाण-निरीक्षकाच्या कागदपत्रांत. आपल्यापैकी ज्यांनी पोथ्या धुंडाळल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाने ‘ग्राउंडहॉग’ नावाची चाकांची गाडी बनवली. २००३ मध्ये ती मॅथिस या बंद खाणीत एकटी शिरली. सुमारे तीनशे फुटांवर छताची तुळई कोसळलेली होती. पुढे वाट नाही, हे तिने स्वतःच ठरवले. तिचे डोळे म्हणजे लेसर. किरण भिंतीवर आपटून परत येतो, त्या वेळेवरून अंतर कळते. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. असे लाखो ठिपके जमले की बोगद्याचा आकार उभा राहतो. पण जमिनीखाली उपग्रहाचा संकेत पोचत नाही. त्यामुळे प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याशी जुळवत जावे लागते आणि पावलागणिक बारीक चूक साठते. यंत्र फिरून ओळखीच्या जागी आले की ‘अरे, इथे तर आपण होतो’ हे त्याला कळते, आणि मागचा सगळा रस्ता सरळ करता येतो. मला यातले हेच सर्वांत आवडले. आपणही शेवटच्या पानावरून पहिले पान दुरुस्त करून वाचतोच की.

मात्र लेसरला भिंतीपलीकडचे दिसत नाही. धुळीत तो अडखळतो, साचलेल्या पाण्यावर फसतो. म्हणून खाण उघडी आहे तोवरच तिचे अखेरचे मोजमाप व्हायला हवे; बुडाल्यावर उपयोग नाही.

माझा एक विद्यार्थी सध्या हेच काम करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा लॅपटॉपवर एका बंद झालेल्या खाणीचे राखाडी बोगदे फिरवून फिरवून दाखवत होता. मी विचारले, “याची मूळ प्रत कुठे ठेवली आहे? त्यावर तारीख आहे का?”

तो थांबला. म्हणाला, “मॅडम, ती हार्डडिस्क आमच्या आधीच्या ठेकेदाराकडे होती. विचारून सांगतो.”

अजून सांगितलेले नाही.