वन्य सस्तन प्राण्यांचे छायाचित्रण : दृष्टी आणि संयम
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



मंदिरात मूर्तीसमोर हात जोडून उभ्या राहणाऱ्या भाविकाची नजर पादपीठावरील लहानशा आकृतीवर क्वचितच स्थिरावते. भगवान अजितनाथांचे लांछन हत्ती, श्रेयांसनाथांचे गेंडा, विमलनाथांचे वराह, शांतिनाथांचे हरीण आणि वर्धमान महावीरांचे सिंह. तीर्थंकरांची ओळख पटविणाऱ्या या चिन्हांत रानातील सस्तन प्राण्यांना असे मानाचे स्थान आहे. त्या प्राण्यांचे आजच्या काळातील चित्र म्हणजे छायाचित्र. ते कसे घेतले जाते, कशासाठी घेतले जाते आणि ते घेताना त्या जिवाला काय सोसावे लागते, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाचा जन्म शिकारीच्या पोटी झाला, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे व्यवसायाने वकील आणि काही काळ तेथील संसदेचे सदस्य. मिशिगन राज्यातील सरोवराकाठी नावेच्या टोकाशी दिवा लावून हरणांची शिकार करण्याची पद्धत त्यांनी लहानपणी शिकली होती. दिव्याकडे पाहत हरीण स्तब्ध उभे राही आणि त्याचे चमकणारे डोळे हाच बंदुकीचा नेम ठरे. पुढे शिरास यांनी तीच नाव, तोच दिवा आणि तीच युक्ती कायम ठेवली. बंदुकीच्या जागी मात्र कॅमेरा ठेवला. रात्रीच्या अंधारात प्रखर झोत पाडून घेतलेली त्यांची ७४ छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध केली. रात्रीचे रान माणसाच्या घरात पोहोचले ते अशा रीतीने.

भारतात हे कार्य फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने केले. संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तराखंड-उत्तर प्रदेशातील अरण्यांत त्यांची नेमणूक होती. वाघ मारणे हे शौर्य मानले जाई आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेणे ही प्रतिष्ठा समजली जाई, असा तो काळ. चॅम्पियन यांनी वाघाच्या नेहमीच्या वाटेवर बारीक तार ताणून ती कॅमेऱ्याला जोडली. वाघाचा पाय तारेला लागला की झोत उजळे आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढून निघून जाई. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथातून भारतीय रानातील मोकळा, निर्धास्त वाघ जगाने पाहिला. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना निराळी असते आणि त्यावरून तो ओळखता येतो, हेही त्या छायाचित्रांतून दिसून आले.

जिम कॉर्बेट यांच्यासारख्या निष्णात शिकाऱ्याच्या मनावर चॅम्पियन यांच्या कार्याचा ठसा उमटला आणि पुढे त्यांनीही वाघांचे चित्रीकरण करण्याचा ध्यास घेतला. त्या काळच्या चलचित्र-कॅमेऱ्याचा आवाज वाघाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी ओढ्यावर लहान लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट निर्माण केला होता. बंदूक चालविण्यापेक्षा हे काम अधिक चिकाटीचे होते. गोळी सुटण्यास क्षण पुरतो. निर्धास्त वाघ दिसण्यास महिने जातात.

सस्तन प्राण्यांचे छायाचित्रण पक्ष्यांच्या छायाचित्रणापेक्षा अवघड का, यालाही कारणे आहेत. बहुतेक पक्षी दिवसा वावरतात आणि त्यांना गंधापेक्षा दृष्टीचा आधार मोठा असतो. रानातील बहुसंख्य सस्तन प्राणी मात्र संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात आणि त्यांचे जग वासाने भरलेले असते. छायाचित्रकार झुडपाआड कितीही निश्चल बसला, तरी वारा त्याच्या पाठीकडून प्राण्याकडे वाहत असेल, तर सांबर त्याला दिसण्यापूर्वीच नाहीसे होते. म्हणून जाणकार प्रथम वाऱ्याची दिशा पाहतो. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची तीक्ष्ण हाक, सांबराचा घुमणारा आवाज यांवरून बिबट्या वा वाघ कोणत्या अंगाने चालला आहे, याचा तो अंदाज बांधतो. उदमांजर, साळिंदर, खवले मांजर यांच्यासाठी तर डोळ्यांत तेल घालून बसले, तरी अनेकदा रात्र रिकामी जाते. हे निशाचर कॅमेऱ्यात येऊ लागले ते प्रामुख्याने स्वयंचलित कॅमेऱ्यामुळे.

या कॅमेऱ्याला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा म्हणतात. परंतु त्यात कोणीही अडकत नाही. प्राण्याच्या शरीराची उष्णता भोवतालच्या हवेहून वेगळी असते. असा उष्ण देह समोरून हलला की संवेदक ते ओळखतो आणि छायाचित्र घेतले जाते. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात; त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी बांधावी लागते. डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे अरण्यात ही पद्धत संख्याशास्त्राशी जोडली आणि वाघांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची रीत १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून मांडली.

या रीतीची गरज किती होती, हे राजस्थानातील सरिस्काने दाखवून दिले. पूर्वी वाघांची मोजणी पंजांच्या ठशांवरून होत असे. कागदोपत्री सरिस्कात वाघ नांदत होते. प्रत्यक्षात तेथे एकही वाघ उरलेला नाही, हे २००४-०५ मध्ये उघड झाले. चोरट्या शिकाऱ्यांनी रान रिकामे केले होते आणि ठशांच्या आकड्यांनी ते झाकले होते. त्यानंतर देशाच्या व्याघ्रगणनेत छायाचित्राला मुख्य पुराव्याचे स्थान मिळाले. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसविण्यात आले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांत ७६,६५१ वाघांची आणि ५१,७७७ बिबट्यांची होती. पट्टे जुळवून त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखण्यात आले. जगातील सर्वांत मोठे कॅमेरा-सर्वेक्षण म्हणून त्याची गिनीज विक्रमग्रंथात नोंद झाली. २०२२ च्या गणनेनुसार देशातील वाघांची सरासरी अंदाजित संख्या ३,६८२ झाली.

महाराष्ट्राच्या पश्चिम भागाशीही या छायाचित्रांचे नाते आहे. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचे अस्तित्व बराच काळ ठसे व विष्ठेवरूनच सांगितले जाई. २०१८ मध्ये चांदोलीत वाघ कॅमेऱ्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पात पुन्हा एक नर वाघ टिपला गेला. त्याचे पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहता, तोच वाघ पूर्वी राधानगरी अभयारण्यात छायाचित्रित झाला होता, असे आढळले. शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडून तो आला होता आणि कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. राधानगरी व चांदोली यांमधील रानाचा पट्टा जिवंत आहे, हे एका छायाचित्राने सिद्ध केले. मृत वाघालाही छायाचित्र न्याय मिळवून देऊ शकते. जप्त झालेल्या कातड्यावरील पट्टे संग्रहातील छायाचित्रांशी जुळवून तो वाघ कोणत्या रानातला होता, याचा शोध घेता येतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहणे क्रमप्राप्त आहे.

३१ डिसेंबर २०२४ या दिवशी विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली. वाहनांत बसलेल्यांपैकी कोणाच्याही हाती बंदूक नव्हती. जे होते ते कॅमेरे आणि मोबाइल. त्या दृश्याच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संबंधित चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. तेथे रक्त सांडले नाही, हे खरे. तथापि वाघिणीचे पिल्लू सुमारे दोन वर्षे आईच्या आधाराने वाढते. वाहनांच्या रांगेमुळे आई एका बाजूला आणि पिल्ले दुसऱ्या बाजूला राहिली, हातची शिकार सुटली किंवा पाणवठ्यावर जाणे टळले, तर त्या कुटुंबाचा दिवस उपाशी किंवा तहानलेला जातो. पाहणाऱ्याला ते कळतही नाही. त्याच्याजवळ चित्र असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक छायाचित्रप्रेमीने वाचण्याजोगी आहे. मारणे आणि पकडणे यांबरोबरच प्राण्याला हाकलणे आणि आमिष दाखवून बोलावणे यांचाही त्या व्याख्येत समावेश आहे. म्हणजे चांगल्या प्रकाशात यावे म्हणून प्राण्याला झुडपातून हुसकावणारा किंवा बिबट्यासाठी बकरू बांधून कॅमेरा रोखून बसणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या पंक्तीत जाऊन बसतो. अहिंसेचा विचार याहून सूक्ष्म आहे. हिंसा मनाने, वचनाने आणि कायेने घडते. स्वतः करण्याने, दुसऱ्याकडून करविण्याने आणि अनुमोदनानेही घडते, असे जैन आचारशास्त्र सांगते. वाहन आणखी पुढे घेण्यासाठी चालकाला पैशाचे आमिष दाखविणे हे करविणे होय. अशा रीतीने मिळालेल्या चित्राची वाहवा करणे हे अनुमोदन होय. घरबसल्या चित्र पाहणाराही या जबाबदारीतून पूर्णपणे सुटत नाही.

छायाचित्रणात असत्यालाही वाव असतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे भरणाऱ्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असण्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता. पिंजऱ्यातील वा पाळीव प्राण्याचे छायाचित्र घेणे हा अपराध नव्हे. ते रानातले म्हणून दाखविणे हा अपराध आहे. अशा चित्रामुळे रानात जाणाऱ्याची अपेक्षा वाढते आणि ती पुरी करण्यासाठी वाहन प्राण्याच्या अंगावर नेले जाते. एका असत्यातून दुसरी हिंसा उपजते ती अशी.

संयमाने मिळालेली फळेही त्याच स्पर्धेत दिसतात. २०२० चे सर्वोच्च पारितोषिक सर्गेई गोर्शकोव्ह यांच्या छायाचित्राला मिळाले. रशियाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात एक वाघीण जुन्या वृक्षाला मिठी मारून त्यावर आपला गंध ठेवीत आहे, असे ते दृश्य. झाडासमोर ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याला त्यासाठी अकरा महिन्यांहून अधिक काळ लागला. २०१६ मध्ये नागरी विभागाचे पारितोषिक मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील आदिवासी पाड्यात घरांमधून रात्री चालत जाणारा बिबट्या त्यांनी दाखविला. त्यासाठी त्यांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. माणूस आणि बिबट्या एकमेकांना इजा न करता शेजारी राहू शकतात, हे त्या एका चित्रातून अनेकांना समजले.

या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी काही मर्यादा व्रताप्रमाणे पाळाव्यात. प्राण्याने कान टवकारले, चरणे थांबविले किंवा वाट बदलली की आणखी जवळ जाऊ नये. तेथून मागे फिरावे. पिल्ले असलेल्या गुहेच्या वा बिळाच्या जवळ जाऊ नये. दृश्य मोकळे करण्यासाठी फांदी तोडू नये. ती फांदी कोणाचा तरी आडोसा असते. खाऊ टाकू नये, आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये. अनेक मोबाइल छायाचित्रात ठिकाणाची नोंदही साठवितात; दुर्मीळ प्राण्याचे चित्र इतरांना पाठविण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी, कारण तीच वाट चोरट्या शिकाऱ्यालाही सापडते. चित्राखाली खरे ते लिहावे. वाघ दिसला नाही म्हणून रान वाया गेले, असे मानू नये. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, पाणवठ्यावर आलेला गवा, वारुळे उकरणारे अस्वल हेही त्याच रानाचे धनी आहेत.

अपरिग्रहाचा विचारही येथे लागू पडतो. एकाच वाघाची शेकडो छायाचित्रे साठवून पुन्हा त्याच वाघामागे धावणे हा चित्रांचा परिग्रह होय. उत्तम छायाचित्रकाराची खरी परीक्षा त्याने घेतलेल्या चित्रांबरोबरच त्याने सोडून दिलेल्या चित्रांतही असते. आई पिल्लाला पाजत असताना कॅमेरा खाली ठेवून, चालकाला गाडी मागे घेण्यास सांगणाऱ्या मनुष्याच्या संग्रहात त्या क्षणाचे चित्र नसते. पिल्लाचे पोट मात्र भरलेले असते.

ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात ज्या घरांत नव्याने कॅमेरा येईल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हाती तो देताना ही एवढी गोष्ट अवश्य सांगावी.

जय जिनेंद्र.