मताधिकार आणि शांतता

हॉलंडांतील डॉ. अलेटा याकोब्स यांनीं १८८३ सालीं मतदारांच्या यादींत आपलें नांव घालण्याची मागणी केली. त्या कर भरीत होत्या आणि मतदार पुरुषच असावा, असें कायद्यांत कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. न्यायालयांनीं त्यांची मागणी फेटाळली. एवढेंच नव्हे, तर १८८७ सालीं राज्यघटनेंतच ‘पुरुष’ हा शब्द घालण्यांत आला.

पुढें १९१५ सालीं बर्लिन येथें भरावयाची मताधिकारवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद महायुद्धामुळें रहित झाली. तेव्हां याकोब्सबाईंनीं पुढाकार घेऊन तटस्थ हॉलंडांत स्त्रियांस पाचारण केलें. २८ एप्रिल १९१५ रोजीं हेग येथें १२ देशांतील अकराशेंहून अधिक स्त्रिया जमल्या. अध्यक्षस्थानीं अमेरिकेच्या जेन ॲडम्स होत्या. इंग्लंडांतून १८० जणी निघणार होत्या. परवाने नाकारले गेल्यामुळें व समुद्रमार्ग बंद झाल्यामुळें अवघ्या तिघी उपस्थित राहूं शकल्या. फ्रान्समधून कोणी आलेंच नाहीं. मात्र जर्मन स्त्रिया आणि जर्मनीनें पादाक्रांत केलेल्या बेल्जममधील स्त्रिया एकाच सभागृहांत बसल्या.

परिषदेंत येणाऱ्या प्रत्येकीस दोन तत्त्वें मान्य करावीं लागत: राष्ट्रांचे तंटे शांततेच्या मार्गानें मिटवावे, आणि स्त्रियांस मताधिकार असावा. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या सभागृहांत जिला स्थान नाहीं, तिला त्या युद्धाचें दुःख मात्र भोगावें लागतें, असा त्यांचा युक्तिवाद होता. हें सर्वांस पटलें असें नाहीं. एमेलिन पँकहर्स्ट यांच्यासारख्या लढाऊ पुढारी स्वदेशाच्या युद्धकार्यांत उतरल्या. त्यामुळें चळवळींत फूट पडली व जुने स्नेह तुटले.

तटस्थ राष्ट्रांनीं तहकुबीची वाट न पाहतां अखंड मध्यस्थी करावी, असा ठराव घेऊन परिषदेच्या प्रतिनिधी दोन्ही पक्षांच्या राजधान्यांत गेल्या. मंत्र्यांनीं त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. मध्यस्थी मात्र झाली नाहीं. युद्ध नोव्हेंबर १९१८ पर्यंत चाललें.

मे १९१९ मध्यें त्या झुरिच येथें पुन्हां जमल्या. जिंकलेल्या राष्ट्रांनीं मांडलेल्या तहाच्या अटी द्वेष व दारिद्र्य वाढवून नव्या युद्धांचें बीज पेरतील, असा स्पष्ट इशारा त्यांनीं दिला. वीस वर्षांनीं, १९३९ सालीं, तो खरा ठरला. झुरिच येथेंच त्यांच्या संस्थेनें शांतता व स्वातंत्र्य यांसाठीं स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ, असें नांव धारण केलें.

या निष्ठेची किंमत अनेकींनीं मोजली. अमेरिकेच्या एमिली बाल्च यांस प्राध्यापकाची जागा गमवावी लागली. पुढें ॲडम्स यांस १९३१ सालीं आणि बाल्च यांस १९४६ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. हॉलंडांतील स्त्रियांस १९१९ सालीं मताधिकार लाभला, तेव्हां याकोब्सबाई ६५ वर्षांच्या होत्या. त्यांची पहिली मागणी छत्तीस वर्षांनीं पुरी झाली. दुसरी अद्यापि पुरी व्हावयाची आहे.