'इफेक्टिव्ह' म्हणजे काय?
(ज्ञातिमंडळाच्या ठाणे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा गतवर्षीच्या अहवालातील एका वाक्यावरच बोलावे असे मी ठरविले. आपली पुस्तक-साहाय्य योजना 'इफेक्टिव्ह' ठरली, असे ते वाक्य आहे. शब्द इंग्रजी आहे ही माझी तक्रार नव्हे. टेबल, कोर्ट, तिकीट यांस आपण केव्हाच घरात घेतले आहे. परंतु घरात घेतलेल्या पाहुण्याचे नाव-गाव तरी ठाऊक असावे.

'इफेक्टिव्ह' आणि 'एफिशियंट' ही भावंडे होत. 'घडवून आणणे' अशा अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून दोन्ही निघाली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. कमी वेळात, कमी खर्चात नीटनेटके काम करणारा तो एफिशियंट. ज्यासाठी काम हाती घेतले ते ज्याच्या हातून घडले तो इफेक्टिव्ह. पहिल्यास आपण कार्यक्षम किंवा दक्ष म्हणतो. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्यांस जुन्या वेतनश्रेणीतील 'एफिशियन्सी बार' आठवत असेल. शासकीय मराठीत त्यास 'दक्षतारोध' असे भारदस्त नाव होते. 'इफेक्टिव्हनेस बार' मात्र कोणी घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही!

दुसऱ्या शब्दास 'परिणामकारक' हा प्रतिशब्द रूढ आहे, आणि माझे विद्यार्थी तो सरसकट ठोकून देत. वास्तविक मराठीत औषध लागू पडते, कायदा अंमलात येतो, भाषण प्रभावी ठरते, श्रम फळास येतात. काम मात्र तडीस जाते. तड म्हणजे काठ. 'पार पाडणे' यातील पार म्हणजेही पैलतीरच. उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या आसऱ्याने राहणाऱ्यांस हे अधिक सांगावयास नको. कल्याण बंदराचा उल्लेख तर कान्हेरीच्या शिलालेखांत आणि 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथातही आहे. तांडेल कितीही सफाईने मचवा हाकीत असो, माल काठाला उतरेपर्यंत व्यापाऱ्याच्या लेखी काम झालेले नसते.

रेल्वेचेच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून मार्ग कल्याणपर्यंत गेला. आज समजा सकाळची गाडी डोंबिवलीस मिनिटावर आली आणि मिनिटावर सुटली, तर वेळापत्रकाच्या हिशेबाने ती एफिशियंटच. पण गर्दीमुळे जो फलाटावरच राहिला, त्याला ती इफेक्टिव्ह कशी म्हणता येईल?

आता आपल्या योजनेकडे वळतो. हिशेब चोख आहेत, पैचीही तफावत नाही, वाटप दोन तासांत आटोपते. याबद्दल कार्यकारी मंडळाचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु शाळा उघडते जूनमध्ये, आणि आपले वाटप होते दिवाळीनंतर. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. खरी अडचण नववीपासून पुढे असते. माझ्या माहितीतील एक मुलगी पहिले सत्रभर शेजारणीच्या पुस्तकावरून रात्री धडे उतरवून घेत असे. दिवाळीनंतर तिला आपली रक्कम मिळाली. तिने ती आईच्या हाती ठेवली आणि ती घरभाड्यात गेली. त्यात त्या माउलीचा काय दोष? आपल्या वहीत मात्र ती रक्कम 'पुस्तकांसाठी' म्हणून नोंदलेली आहे.

सबब माझी सूचना अशी की, अर्ज एप्रिलअखेर घ्यावेत आणि पुस्तके शाळा उघडण्यापूर्वी घरपोच द्यावीत. समारंभ दिवाळीनंतर खुशाल व्हावा. हारतुऱ्यांस माझी हरकत नाही. अहवालात किती रुपये वाटले याजबरोबर किती मुलांच्या हाती जूनपूर्वी पुस्तके पडली, हाही आकडा छापावा. तो समाधानकारक असेल त्या वर्षी 'इफेक्टिव्ह' हा शब्द अवश्य राहू द्यावा; एरवी 'वाटप झाले' एवढेच लिहावे.

हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, अशी चिटणीसांस विनंती करून मी आपली रजा घेतो.