क्षार कुठे गेला?



अध्यक्षीय भाषणात संशोधनातल्या प्रगतीचं कौतुक करायची रीत आहे. मीही करणार आहे, फक्त थोडं आडवाटेनं.

पेट बाटल्यांच्या प्लास्टिकवर जगणारा जिवाणू जपानच्या साकाई शहरात सापडला, ही बातमी २०१६ साली जगभर गाजली. पुढे २०२० मध्ये फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीनं आणि तुलूझच्या संशोधकांनी सुधारलेलं एन्झाइम वापरून १० तासांत ९० टक्के पेट मूळ घटकांत मोडून दाखवलं, तेही लिटरमागे २०० ग्रॅम घेऊन. मला हा २०० चा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. पातळ द्रावणात काय वाट्टेल ते घडवून दाखवता येतं. पाणी काढायचं बिल कारखान्याला भरावं लागतं.

आता त्या रिअ‍ॅक्टरपाशी जरा थांबू. पेट तुटलं की टेरेफ्थॅलिक आम्ल सुटतं, सामू उतरतो, एन्झाइम मंदावतं. म्हणून कॉस्टिक सोडा सोडत राहायचं. शेवटी आम्ल वेगळं काढायला सल्फ्युरिक घालायचं. आम्ल मिळतं, आणि सोबत सोडियम सल्फेट. समीकरण मांडून पाहा: किलोभर पेटमागे जवळजवळ पाऊण किलो!

लॅक्टिक आम्लापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकची कथाही हीच, आणि ती तर आपल्या दारातली. कच्चा माल साखर. जेजुरीला २०२४ मध्ये प्राज कंपनीचा प्रात्यक्षिक प्रकल्पही सुरू झाला. जुन्या पद्धतीत जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्याच आम्लानं स्वतः थंडावतात. त्यांना चालतं ठेवायला चुना घालायचा, मग कॅल्शियम लॅक्टेटवर सल्फ्युरिक. टनभर लॅक्टिक आम्लामागे साधारण टनभर जिप्सम पडतं. जाहिरातीत उसाचं हिरवं पान असतं, जिप्समचा ढीग नसतो. (आणि पीएलएचा कप बांधावर फेकला तर आपोआप कुजत नाही, त्याला साठ अंशांच्या आसपास तापलेलं खत-केंद्र लागतं. तेही पानावर लिहीत नाहीत.)

म्हणून माझ्या लेखी खरी प्रगती पुढची आहे. आम्लातही तग धरणारं यीस्ट आलं आणि चुन्याची गरज घटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या गटानं पेटसाठी कॉस्टिकऐवजी अमोनिया वापरला. तयार झालेला अमोनियम क्षार तापवला की आम्ल मागे राहतं आणि अमोनिया परत वापरायला मिळतो. सल्फ्युरिक नको, सल्फेट नाही. याला ना नवा जिवाणू लागला, ना वर्तमानपत्रात मथळा मिळाला. हे निखळ केमिकल इंजिनिअरिंग आहे.

आपल्याकडे मात्र पीएचडीला आलेल्या दहांतल्या नऊ जणांना उत्प्रेरक किंवा एन्झाइम हवं असतं. सेपरेशन म्हटलं की चेहरे उतरतात. त्यात दोष मुलांचा कमी, आमचा जास्त: मार्गदर्शक, परीक्षक, संपादक सगळे रूपांतराचा टक्का विचारतात आणि उठतात.

तेव्हा या परिषदेपुरती माझी एक विनंती, हवं तर हुकूम समजा. शोधनिबंध मांडणाऱ्या प्रत्येकानं शेवटच्या स्लाइडवर दोन आकडे द्यावेत: किलोभर मालामागे क्षार किती पडला आणि पाणी किती उकळावं लागलं. मोजलं नसेल तर समीकरणावरून अंदाज मांडा. पोस्टरवाल्यांनी पेननं लिहिलं तरी चालेल. दुपारी जेवणानंतर मी प्रत्येक पोस्टरपाशी येणार आहे.